दात पडला तर आधी दूध शोधा

नमस्कार श्रोतेहो. दाढ ठणकते ती नेमकी रात्री, दवाखाने बंद झाल्यावर. आडवं पडलं की डोक्याकडं रक्ताचा जोर वाढतो आणि दाताच्या आत सुजलेल्या नसेला फुगायला जागा नसते. म्हणून आधी दोन उशा घ्या, डोकं उंच ठेवा. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चुळा भरा. फटीत मटणाचा दोरा अडकला असेल तर तो धाग्यानं काढा, टाचणीनं नको. लवंगेचं तेल एकच थेंब, तोही कापसाच्या बोळ्यावर, आणि बोळा किडलेल्या खळग्यात. हिरडीला तेल चोळलं तर ती भाजते. ॲस्पिरिनची गोळी दाढेशी दाबून झोपणाऱ्यांच्या गालाला सकाळी पांढरा चट्टा पडलेला असतो. गोळी गिळायची असते, गालात ठेवायची नसते. मोठ्या माणसानं पॅरासिटामॉल 500 ची एक गोळी घ्यावी, लागली तर सहा तासांनी दुसरी. लिव्हरचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

आता पडलेल्या दाताचा किस्सा. कोल्हापुरात गांधी मैदानावर सकाळची फुटबॉलची प्रॅक्टिस. हेडरला दोघं उडाले, एकाचं कोपर दुसऱ्याच्या तोंडावर बसलं आणि वरचा पुढचा दात मुळासकट मातीत. पोरांचा गलका सुरू. एक म्हणतो, "रुमालात गुंडाळ." दुसरा म्हणतो, "नळाखाली घास चांगला." तिसरा तर जर्सीनं पुसायलाच लागलेला. तेवढ्यात एक म्हातारबा ओरडले, "आरं थांबा! मूळ धरू नगा! दुधात टाका त्यो दात!" म्हातारबांच्या नातवाचा दात असाच वाचला होता. झालं. एकानं गाडी काढली ती थेट गंगावेशीत दूध कट्ट्यावर, जिथं म्हशीची धार समोरच काढून देतात. गवळीमामांनी धार काढता काढता विचारलं, "किती देऊ?" पोरगं म्हणालं, "मामा, दात बुडंल एवढं द्या."

पोरांनी अर्धा पेला दूध आणलं, दात त्यात सोडला, पेल्यावर तळहात झाकला आणि जखमी गड्याला घेऊन दवाखाना गाठला. दात पडल्यापासून पंचवीस मिनिटं झाली होती. डॉक्टरांनी दात परत खोबणीत बसवला, शेजारच्या दातांना बारीक तारेनं बांधला, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं का ते विचारलं. दोन आठवड्यांनी तार निघाली, त्याआधीच रूट कॅनाल सुरू झालेलं होतं.

दूधच का? मुळावर एक पातळ जिवंत पापुद्रा असतो, तोच दाताला हाडाशी धरून ठेवतो. साध्या पाण्यात त्याच्या पेशी पाणी पिऊन फुटतात. कोरड्या रुमालात त्या सुकतात आणि तासाभरात मरतात. दुधाचा खारेपणा आपल्या अंगातल्या पाण्याच्या जवळचा, म्हणून त्यात त्या तग धरतात. कट्टेकरी रागावतील, पण फ्रीजमधली पिशवी त्याहून बरी, कारण ते दूध थंड आणि तापवून घेतलेलं असतं. दही, ताक मात्र चालत नाही, आंबटपणानं पेशी मरतात.

खरं तर दूध आणण्याआधीच दात जागेवर बसवणं सगळ्यांत उत्तम. पांढऱ्या भागाला धरा, मुळाला नाही. पुन्हा सांगतो, मुळाला नाही. माती लागली असेल तर दुधानं दहा सेकंद हलकेच धुवा, घासू नका. पुढची बाजू पुढं आहे ना ते बघा, खोबणीत सरकवा, रुमाल चावून धरा आणि निघा. हे धाडस होत नसेल, किंवा माणूस शुद्धीवर नसेल, तर दूधच.

सहा-सात वर्षांच्या पोराचा दुधाचा दात पडला तर मात्र तो परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या दाताच्या कोंबाला इजा होते. तो दात आजीकडं द्या, कौलावर टाकायला. आणि पेठापेठांतल्या फुटबॉलवाल्यांना एक विचारतो: हजारोंचे बूट घेता, मग तोंडातला गार्ड घ्यायला हात का आखडतो?

वेळ संपत आलीय, म्हणून घाईनं दोन गोष्टी. दात काढल्यावर रक्त थांबत नसेल तर ओल्या गॉजची घडी अर्धा तास चावून धरा, मध्ये उघडून बघू नका, थुंकू नका. गॉज नसेल तर चहाची ओली, गार पिशवी. आणि गालावर सूज असेल तर गरम शेक नको, बाहेरून बर्फ, फडक्यात गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटं. सूज जबड्याखाली उतरली, डोळा मिटायला लागला, गिळताना किंवा श्वास घेताना अडलं, तोंड दोन बोटंही उघडेना, तर दातांचा दवाखाना शोधत बसू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी रिक्षा काढा आणि सीपीआरचा, म्हणजे कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्याचा, अपघात विभाग गाठा.