केसपेपर स्वस्त, खाट किती रुपयांची?

नमस्कार, श्रोतेहो.

पुण्यात सरकारी उपचार म्हटले की आपण सगळं एकाच खात्यात जमा करतो. प्रत्यक्षात तिजोऱ्या तीन आहेत. ससून वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, औंधचं जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य खात्याकडे आणि कमला नेहरू रुग्णालय महापालिकेकडे. ऑगस्ट २०२३मध्ये आरोग्य खात्याने उपचार मोफत केले, ते फक्त स्वतःच्या रुग्णालयांत. पोटात दुखणाऱ्या माणसाला हे कुठून ठाऊक असणार? पाटी सगळीकडे सरकारीच.

पण मला बोलायचंय ते दराबद्दल नाही, खर्चाबद्दल. केसपेपरला काही रुपये पडतात, तो झाला दर. एका खाटेवर एका दिवसाला किती खर्च येतो, हे विचारा. उत्तर चटकन मिळत नाही.

काढायचा म्हटला तर काढता येतो. धुलाईचा खर्च कपड्यांच्या वजनावर वॉर्डांना वाटायचा, विजेचा आणि झाडलोटीचा जागेच्या चौरस फुटांवर, स्वयंपाकघराचा ताटांवर. त्यात परिचारिका, औषधं, ऑक्सिजन, यंत्रांची झीज मिळवायची आणि रुग्ण जितके दिवस राहिले त्या एकूण दिवसांनी भागायचं. जिथे शिकवणंही चालतं तिथे गुंता वाढतो. प्राध्यापक सकाळी राउंड घेतात, विद्यार्थी सोबत असतात. त्या दोन तासांचा पगार उपचारात धरायचा की शिक्षणात?

आणि इथे एक चकवा आहे. पगार, वीज, इमारत हा खर्च रुग्ण आले काय, न आले काय, होतोच. म्हणून वॉर्ड जितका खच्चून भरलेला, तितका दर रुग्णामागचा खर्च कमी दिसतो. कागदावर ते रुग्णालय काटकसरी ठरतं. आत मात्र खाली सतरंजीवर माणसं झोपलेली असतात. त्यामुळे ‘आमच्याकडे खर्च कमी’ असं कुणी अभिमानाने सांगितलं, तर मी आधी खाटा मोजा म्हणेन.

अंदाजपत्रक बहुधा मागच्या वर्षीच्या आकड्यात थोडी भर घालून बनतं. पगाराला कात्री लागत नाही. लागते ती औषधांना, दुरुस्तीला. फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे खरं, पण प्रत्येक उपचारामागे रुग्णालयाला मिळणारी रक्कम आधीच ठरलेली. ती परवडली नाही तर खासगी रुग्णालय योजनेतूनच बाहेर राहू शकतं. सरकारी रुग्णालयाला तशी सोय नाही. मग चिठ्ठी हातात येते, ‘हे बाहेरून आणा’.

२०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांना अंदाजपत्रकाच्या ८ टक्क्यांहून अधिक आरोग्यावर खर्च करायला सांगितलं होतं, तेही २०२०पर्यंत. महाराष्ट्र त्यापासून बराच दूर आहे. अधूनमधून केसपेपरचे दर वाढवा अशी सूचना येते. त्यातून जमणार किती? गरीब माणूस तेवढा दारातून परत जाईल.

त्यापेक्षा डिस्चार्ज कार्डावर तीन रकाने छापा. उपचाराला आलेला खर्च, सरकारने भरलेला, आणि कुटुंबाने बाहेर केलेला. पहिले दोन लेखा विभाग भरेल. तिसरा मात्र नातेवाइकांना विचारूनच भरावा लागेल, कारण त्या पावत्या रुग्णालयाच्या दप्तरात नसतात.