संध्याकाळी पाचला कामावर आलेला मजूर

नमस्कार श्रोतेहो.

सकाळी सात-साडेसातला ठाण्यातल्या किंवा नवी मुंबईतल्या एखाद्या मजूर नाक्यावरून गेलात, तर ही माणसं तुम्हाला दिसतीलच. गवंड्याच्या पिशवीतून थापी डोकावत असते, रंगाऱ्याच्या हातात रोलर, बायकांच्या काखेत घमेलं आणि प्रत्येकाजवळ भाकरीचा डबा. ठेकेदाराची मोटारसायकल थांबली की घोळका तिच्याभोवती जमतो. धडधाकट दिसणारे दोघे-चौघे तो निवडतो, हजेरी ठरते, ते निघून जातात. दहा वाजेपर्यंत नाका विरळ होतो. मागे उरतात ते केस पिकलेले, खोकला न थांबणारे, आणि कडेवर लेकरू असलेल्या बाया.

येशू ख्रिस्ताने सांगितलेला एक दाखला असाच नाक्यावर घडतो. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, विसाव्या अध्यायात तो आहे. द्राक्षमळ्याचा एक मालक पहाटेच मजूर शोधायला बाहेर पडतो. दिवसाचा एक दीनार ठरवतो. त्या काळी मजुराची रोजची कमाई तेवढीच असे. नऊ वाजता तो पुन्हा बाजारात जातो, पुन्हा बाराला, पुन्हा तीनला. पाच वाजता, दिवस मावळायला तासभर उरलेला असताना, तो आणखी एकदा जातो. काही माणसं अजून उभीच आहेत. तो विचारतो, “दिवसभर इथे रिकामे का उभे राहिलात?” ती म्हणतात, “आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही.” “मग तुम्हीही मळ्यात या,” असं तो म्हणतो. संध्याकाळी मजुरी वाटताना या शेवटी आलेल्यांनाही पुरा दीनार मिळतो. पहाटेपासून उन्हात राबलेले कुरकुर करतात. मालक त्यांना सांगतो, “गड्या, मी तुझ्यावर अन्याय केला नाही. दीनारच ठरला होता ना?”

हा दाखला देवाच्या कृपेचा आहे असं चर्चमध्ये सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण मी जेव्हा जेव्हा तो वाचतो, तेव्हा त्या एका उत्तरापाशी अडतो. ‘आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही.’ मालक हे उत्तर खरं मानतो. तुम्ही आळशी असाल, उशिरा उठला असाल, असं काही तो म्हणत नाही. पाच वाजता आलेल्याच्या घरीही चूल तीच आणि पोरंही तेवढीच, हे त्याला कळतं. आणखी एक गोष्ट पाहा. या मालकाकडे कारभारी आहे, मजुरी तोच वाटतो. तरी दिवसातून पाच वेळा नाक्यावर मालक स्वतः जातो. कोण उरलंय ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं असतं.

मजुरी त्याच दिवशी द्यायची, ही शिकवण येशूच्या आधीपासूनची. बायबलच्या जुन्या करारातलं मोशेचं नियमशास्त्र सांगतं की मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशांत अडकलेला असतो. नव्या करारातलं याकोबाचं पत्र तर फारच रोखठोक आहे. तुमच्या शेतांची कापणी करणाऱ्यांची जी मजुरी तुम्ही अडवून ठेवलीत, ती ओरडते आहे, असं तो श्रीमंतांना बजावतो. त्याच पत्रात, सभेत सोन्याची अंगठी घातलेला आला की त्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतल्याला ‘तू तिथे उभा राहा’, असं वागणाऱ्यांची याकोब कडक हजेरी घेतो.

लोकांनी तुमच्याशी जसं वागावं असं तुम्हाला वाटतं, तसंच तुम्ही त्यांच्याशी वागा, हे येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातलं वाक्य सगळ्यांना पाठ असतं. माझं म्हणणं एवढंच, की जिथे मालक आपण असतो तिथे ते लावून पाहावं. लोकल रखडली म्हणून ऑफिसने अर्धा दिवस कापला तर आपला किती संताप होतो! पगार चार तारखेवर गेला तर घरात चिडचिड होते. आणि आपल्याच घरी भांडी घासणाऱ्या मावशींनी पोराला ताप आला म्हणून दोन खाडे केले, तर महिन्याच्या शेवटी ते दोन दिवस आपण बिनचूक मोजतो. घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत उंच इमारती उभ्या आहेत. त्यातल्या काही ठिकाणी कामवाल्या बायकांनी कुठल्या लिफ्टने जायचं याची पाटी असते. याकोबाचं पत्र मला त्या पाटीसमोर आठवतं.

ठाण्याला ही शिकवण काही काल-परवा आलेली नाही. 1321 साली फ्रान्सिस्कन संघाचे चार ख्रिस्ती संन्यासी इथे मारले गेले, एवढा जुना या शहराचा ख्रिस्ती धर्माशी संबंध आहे. तलावपाळीजवळचं संत योहान बाप्तिस्ता चर्च पोर्तुगीज काळातलं, आणि इथल्या जुन्या ख्रिस्ती समाजाच्या, म्हणजे ईस्ट इंडियनांच्या, घरांतून आजही मराठी बोलली जाते. ख्रिस्ती लोकांनी हे सगळं नेहमी पाळलं असं मात्र मी म्हणणार नाही. आपल्या देशात काही चर्चमध्ये दलित ख्रिस्ती माणसांना वेगळं बसवलं गेलं, त्यांच्या दफनभूमीसुद्धा वेगळ्या ठेवल्या गेल्या. याकोबाने ज्याला पाप म्हटलं तेच हे.

आणि ज्यांनी पाळलं, त्यांची उदाहरणंही मराठीतच आहेत. 1896–97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि टाकून दिलेल्या, उपाशी मुलींना केडगावला घेऊन आल्या. त्यांना जेवू घालून त्या थांबल्या नाहीत. लिहायला-वाचायला शिकवलं, विणकाम, छपाई अशी कामं शिकवली. ज्यांना कोणी कामावर लावलंच नव्हतं, त्यांच्या हातांना रमाबाईंनी काम दिलं.

मालकाच्या चांगुलपणावर सगळं सोडून मात्र चालत नाही. वाशीच्या बाजारात पोती वाहणाऱ्या माथाडींना विचारा. 1969 चा माथाडी कायदा झाला आणि मंडळामार्फत मजुरी मिळू लागली, तेव्हा त्यांच्या घामाला हिशेब आला. घरकाम करणाऱ्यांसाठीही राज्यात 2008 चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. तुमच्याकडे काम करणाऱ्या ताईंची नोंदणी झाली आहे का, विचारा. त्या आपल्या घरी काम करतात असं लिहून द्यावं लागलं, तर कचरू नका. ‘उद्या भलतंच काही गळ्यात पडेल’ ही भीती मी बऱ्याच चांगल्या घरांत ऐकली आहे. तिच्यापायी एका बाईचा हक्क अडतो.

सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत व्हायच्या असतात. पार्किंग, गळती, लिफ्टची दुरुस्ती यांत रात्रीचे अकरा वाजतात. यंदा सेक्रेटरींना आधीच एक विषय लेखी द्या: कामवाल्या बायका, वॉचमन आणि पार्सल आणणारी मुलं यांना प्यायचं पाणी, बसायला जागा, स्वच्छतागृह, आणि सगळ्यांना एकच लिफ्ट. कोणीतरी नक्की म्हणेल, “यांचं काय एवढं?” तेव्हा खुर्चीवरून उठा आणि बोला. तुमच्या मागे आणखी दोघे-तिघे उठतील, असा मला विश्वास आहे.

नमस्कार.