तीस रुपयांचा माग

(दृश्य : जुना, बटणांचा फोन. स्क्रीनवर एक मेसेज उजळतो आणि विझतो.)

155223. हा नंबर लिहून घ्या. सिम कुठल्याही कंपनीचं असो, त्यावर फोन फुकट लागतो. आपण न मागितलेली एखादी सेवा आपल्या नंबरवर चालू झाली असेल, तर ती तिथून बंद करता येते. टेलिकॉम नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, तो सगळ्या कंपन्यांसाठी एकच ठेवला. सोय चांगली आहे. पण खास नंबर काढायची वेळ यावी इतक्या सेवा न मागता चालू होत कशा होत्या?

त्यासाठी थोडं मागे जाऊ.

(दृश्य : एस.टी. स्टँडजवळचं रिचार्जचं दुकान. काउंटरवर कूपनांच्या माळा.)

कूपन नखाने खरवडायचं, आतला नंबर फोनमध्ये टाकायचा. पन्नास भरले तरी बोलायला पन्नास मिळायचे नाहीत. प्रोसेसिंग फी आणि कर आधीच वजा व्हायचे. 'फुल टॉकटाइम' ही तेव्हा सणासुदीला मिळणारी ऑफर होती. आणि त्या उरलेल्या बॅलन्समधून एके दिवशी तीस रुपये नाहीसे व्हायचे.

चौकशी केली की कळायचं, कॉलर ट्यून चालू झाली आहे. महिन्याचं भाडं तीस रुपये. कधी कॉलर ट्यूनच्या जागी रोजचं राशिभविष्य असायचं, कधी क्रिकेटचा स्कोअर, कधी विनोद.

चालू कशी झाली? रस्ते बरेच होते. भर दुपारी अनोळखी नंबरवरून फोन यायचा, उचलला की गाणं वाजायचं आणि एक गोड आवाज सांगायचा, आवडलं असेल तर स्टार दाबा. कधी स्क्रीनवर आपोआप एक चौकट उघडायची, तिच्यात 'ओके'चं बटण ठळक असायचं आणि 'कॅन्सल' शोधावं लागायचं. फोन आजीच्या हातात असेल, शाळकरी नातवाच्या हातात असेल, किंवा खिशात नुसता दाबला गेला असेल; कंपनीच्या नोंदीत एकच ओळ उमटायची : ग्राहकाने विनंती केली. पुढे तक्रार केली की उत्तर ठरलेलं, "सर, रिक्वेस्ट तुमच्याच नंबरवरून आली आहे." हे खोटंही नसायचं. म्हणून तर त्यावर बोलता येत नसे.

यामागे साधा हिशोब होता. 2009 मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा असा दर आणला आणि बाकीच्यांना मागे जावं लागलं. बोलण्यातून मिळणारा पैसा आटत गेला. गाणी, भविष्य, स्कोअर पुरवणाऱ्या कंपन्या वेगळ्या होत्या, पण वसुली मोबाइल कंपनीच्या हातात होती आणि वसुलीतला मोठा वाटाही तिच्याकडेच राहायचा. सेवा चुकून चालू झाली म्हणून ज्याने ती रोखायची, तोच तिच्यातला मोठा भागीदार. दुसरं असं, की तीस रुपयांसाठी भांडायला बसणारे कमी. ज्याची रोजी बुडते तो तर नाहीच. कुणी बसून असा डाव आखला होता असं मी म्हणत नाही. पण गणित याच बाजूला झुकलेलं होतं, आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

ट्रायने 2011 मध्ये यावर आदेश काढला, आणि तो पुरा पडला नाही म्हणून जुलै 2013 मध्ये दुसरा. त्यातली कामाची गोष्ट अशी : संमती दोनदा घ्यायची, आणि दुसरी संमती मोबाइल कंपनीच्या नव्हे, त्रयस्थ संस्थेच्या यंत्रणेत नोंदवायची. तोवर 'ग्राहकाने होकार दिला' याचा पुरावा ज्याने पैसे कापले त्याच्याच संगणकात असायचा. दरोडा पडला आणि पंचनामा दरोडेखोरानेच लिहिला, असा तो प्रकार होता.

(दृश्य : मुंबई-पुणे रस्ता, खंडाळ्याचा घाट.)

न सांगता कापले जाणारे पैसे फक्त गाण्यांचे नव्हते. टेलिकॉमच्या नकाशात मुंबई एक सर्कल, म्हणजे सेवेचा एक स्वतंत्र विभाग, आहे आणि 'महाराष्ट्र व गोवा' दुसरं. त्यामुळे पुण्याचा फोन पणजीत घरचा असायचा आणि दादरला परका. मुंबईला मुलीकडे आलेल्या आईला गावाहून फोन आला, तर फोन घेण्याचेही पैसे पडायचे. 2007 मध्ये ट्रायने घातलेली कमाल मर्यादा होती मिनिटाला पावणेदोन रुपये. 2013 मध्ये ती 75 पैशांवर आली, 2015 मध्ये 45 वर. दिवाळी आणि नवीन वर्षाला एसएमएसचं पॅक चालायचं नाही, त्या दिवशी प्रत्येक शुभेच्छेला पूर्ण दर लागायचा. या दिवसांना धंद्याच्या भाषेत 'ब्लॅकआउट डे' म्हणत. हे सगळं छापलेलं असायचं, बारीक अक्षरात.

(दृश्य : कानाला लावलेला फोन. वाट पाहायला लावणारं संगीत.)

आता कस्टमर केअर.

नंबर दोन आहेत, आणि फरक फार थोड्यांना ठाऊक आहे. 121 हा माहितीचा नंबर. तिथे प्रतिनिधीशी बोलायला काही कंपन्यांनी तीन मिनिटांना 50 पैसे घेतले. म्हणजे कापलेले पैसे का कापले हे विचारायलाही पैसे. 198 हा तक्रारीचा नंबर, तो फुकट. दुकानातल्या पोऱ्यापासून जाहिरातीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतो तो 121.

ट्रायच्या गुणवत्तेच्या निकषांत अनेक वर्षं असं लिहिलेलं होतं की 95 टक्के कॉल प्रतिनिधीने 90 सेकंदांत उचलावेत. ऐकायला छान वाटतं. पण हे घड्याळ 'प्रतिनिधीशी बोलण्यासाठी 9 दाबा' हा पर्याय निवडल्यावर चालू होतं. त्या 9 पर्यंत पोहोचायला लागलेला वेळ, हिंदीसाठी एक, मराठीसाठी तीन, नव्या ऑफरसाठी चार, हा त्यात येत नाही. आता फोनच्या जागी ॲपमधली चॅटची खिडकी आली आहे. तिथे यंत्र आपलं नाव घेऊन बोलतं, दिलगिरी व्यक्त करतं, आणि मग तेच चार पर्याय पुन्हा दाखवतं. आपला प्रश्न पाचवा असतो.

माणूस भेटलाच, तर त्याच्याकडे एक वाक्य असतं : "तुमची रिक्वेस्ट घेतली आहे." सगळी मेख या वाक्यात आहे. नियमांच्या भाषेत विनंती वेगळी आणि तक्रार वेगळी. 2012 च्या ग्राहक तक्रार निवारण नियमांनुसार तक्रार नोंदली की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, द्यावाच लागतो, तो मेसेजने पाठवावा लागतो. पुढची सगळी वाट त्या नंबरवरून जाते. तेव्हा फोनवर "बघा ना जरा" म्हणण्यापेक्षा "तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर द्या" एवढंच म्हणावं. समोरच्या मुलावर चिडून उपयोग नसतो. तो दिवसभर शिव्या खाण्याची नोकरी करतो, आणि पैसे परत करायचा अधिकार बहुधा त्याच्या स्क्रीनवर नसतो.

तक्रारीचं उत्तर पटलं नाही तर 30 दिवसांत अपील करता येतं. त्याला फी नाही. निकाल 39 दिवसांत द्यायचा असतो. अपील ऐकणारा अधिकारी मात्र कंपनीचाच. त्याला सल्ला द्यायला दोघांची समिती असते, एक ग्राहक संघटनेचा, एक कंपनीचा. आणि ट्राय? ट्राय नियम करतं, एकेका ग्राहकाची तक्रार ऐकत नाही. मोठ्या आशेने दिल्लीला पाठवलेले अर्ज म्हणूनच त्या त्या कंपनीकडे परत येतात.

मग बाहेर जायचं कुठे? ग्राहक न्यायालयात, असं कुणीही सांगेल. पण मधली बारा वर्षं हे उत्तर इतकं सरळ नव्हतं.

(दृश्य : न्यायालयाचा व्हरांडा. कपाटात बांधलेल्या फायली.)

केरळमधल्या एका ग्राहकाचा टेलिफोन बिल थकलं म्हणून तोडला गेला. जिल्हा ग्राहक मंचाने (आता त्याला जिल्हा ग्राहक आयोग म्हणतात) जोडणी परत द्यायला आणि पाच हजार रुपये भरपाई द्यायला सांगितलं. टेलिफोन खात्याने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं, पाच हजार रुपयांच्या आदेशासाठी. सप्टेंबर 2009 मध्ये निकाल आला : 1885 च्या तार कायद्यात 7-ब नावाचं कलम आहे, त्यात बिलाच्या वादासाठी सरकारने लवाद नेमायची सोय आहे, तेव्हा ग्राहक मंचाला इथे जागा नाही. तारा पाठवायच्या काळातला कायदा, त्यात 1957 मध्ये घातलेलं कलम, आणि त्याची कडी लागली मोबाइलच्या ग्राहकाच्या दाराला. जो तो वकील हा निकाल घेऊन मंचापुढे उभा राहू लागला.

अहमदाबादच्या एका ग्राहकाचं पोस्टपेड बिल सरासरी 555 रुपये यायचं. महिन्याचं भाडं 249. 8 नोव्हेंबर ते 7 डिसेंबर 2013 या महिन्याचं बिल आलं 24,609 रुपये 51 पैसे. त्याने मे 2014 मध्ये जिल्हा मंचाकडे तक्रार केली, 22 हजार रुपये व्याजासह मागितले. व्होडाफोन कंपनीने 2009 चा निकाल पुढे केला : हे प्रकरण तुम्ही ऐकूच शकत नाही. जिल्हा मंचाने हा आक्षेप फेटाळला, राज्य आयोगाने फेटाळला, राष्ट्रीय आयोगाने फेटाळला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. दरम्यान व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या, फोर-जी आलं, बाजारातल्या निम्म्याहून अधिक कंपन्या गाशा गुंडाळून गेल्या.

16 फेब्रुवारी 2022 रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने निकाल दिला. ग्राहक कायद्यातली 'सेवा'ची व्याख्या व्यापक आहे, तिच्यात टेलिकॉम येतं. तार कायद्यातला लवाद हा एक मार्ग झाला, पण त्यामुळे ग्राहक मंचाचा मार्ग बंद होत नाही. कुठे जायचं हे ग्राहकाने ठरवावं. अपील फेटाळलं.

आता तारखा लावून बघा. 2014 च्या तक्रारीवर 2022 साली ठरलं ते इतकंच, की ती ऐकून घेता येईल. बिल बरोबर होतं का चूक, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे नव्हताच. कंपनीला अपिलाचा हक्क होता आणि तिने तो वापरला, हे मान्य. पण 22 हजारांसाठी एक माणूस आठ वर्षं टिकला, हे मला त्या निकालाइतकंच मोठं वाटतं. बहुतेक जण दुसऱ्या तारखेनंतर बिल भरून मोकळे झाले असते.

(दृश्य : आजचा रिचार्ज. क्यूआर कोड, फोनवर पॅकची यादी.)

आज कॉलर ट्यूनचे तीस रुपये क्वचित जातात. पैसे जातात ते समोरून, आपल्याच हाताने. 28 दिवसांचा पॅक घेतला की वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज होतात. अठ्ठावीस गुणिले तेरा म्हणजे 364. जानेवारी 2022 मध्ये ट्रायने सांगितलं की 30 दिवसांचे आणि दर महिन्याला त्याच तारखेला संपणारे पॅकही ठेवले पाहिजेत. ते आहेत. ॲपमध्ये खाली खाली सरकत गेलात तर सापडतात. ज्यांना नेट नको, नुसतं बोलायचं आहे, त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक द्यायला डिसेंबर 2024 मध्ये सांगावं लागलं. बटणांचा फोन वापरणारी माणसं तोवर न वापरलेल्या डेटाचे पैसे भरत होती.

राहता राहिला प्रश्न, आज कुणाचे पैसे असे गेले तर काय.

आधी हिशोब मागा. प्रीपेड ग्राहकालाही मागच्या सहा महिन्यांपर्यंतचा तपशीलवार हिशोब मागता येतो. त्यासाठी कंपनी जास्तीत जास्त 50 रुपये घेऊ शकते. आपलेच पैसे कुठे गेले हे पाहायला 50 रुपये, असो. मग 198, डॉकेट नंबर, अपील. पैसे कापल्याचा मेसेज पुसू नका. सोबत 1915, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे मराठीत बोलता येतं, आणि कस्टमर केअरला आठवडे लागलेलं काम कधी कधी तिथल्या एका नोंदीने होतं. त्यानेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यात टेलिकॉमचं नाव स्पष्टच घातलं आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, सेवेसाठी आपण भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लागतोच असं नाही, अर्ज ऑनलाइनही भरता येतो. 2023 च्या नव्या दूरसंचार कायद्यात ऑनलाइन तंटा-निवारणाची तरतूद आहे, आणि तिच्यामुळे ग्राहक आयोगाकडे जायचा हक्क जात नाही हेही त्यातच लिहिलं आहे.

मुदत दोन वर्षांची. ती तक्रारीचं कारण घडल्यापासून मोजली जाते. कस्टमर केअरच्या संगीतात गेलेले महिने तिच्यातून आपोआप वजा होत नाहीत.