एकवीस अंशांवरून आफ्रिका

श्रोतेहो, नमस्कार. वणी-मारेगावकडच्या ज्या पोरापोरींची राज्यसेवेची तयारी चालू आहे, त्यांच्याशी आज बोलायचं आहे.

गावच्या वाचनालयात मी तुमच्या वह्या बघतो. आफ्रिका म्हटलं की पानभर यादी: किलिमांजारो ५,८९५ मीटर, नाईल सुमारे ६,६५० किलोमीटर, मग सरोवरं. आठ दिवसांनी ऑरेंज नदी कुठल्या महासागराला मिळते ते सांगता येत नाही. दोष तुमच्या डोक्याचा नाही रे, नकाशाच उघडलेला नसतो.

ॲटलास घ्या, बोट नागपूरवर ठेवा. उत्तर अक्षांश २१. आता सरळ पश्चिमेला सरका. अरबस्तान, तांबडा समुद्र आणि पुढे सहारा! ऊन तेच, मग तिथं वाळू आणि आपल्याकडे कपाशी का? त्या पट्ट्यात वरची हवा खाली उतरते, उतरताना तापते, ढग जमू देत नाही. आपल्याला जूनमध्ये मोसमी वारे वाचवतात. विषुववृत्त आफ्रिकेच्या साधारण मधून जातं, म्हणून उत्तरेचं हवामान दक्षिणेत पुन्हा भेटतं. सहारासमोर कलहारी. अल्जीरियाच्या किनाऱ्यावर हिवाळी पाऊस, तसाच केप टाउनला.

नद्यांपाशी मात्र घाई करू नका. उन्हाळ्यात आपल्या वर्धेत खडक उघडे पडतात, काँगो बारमाही भरलेली. ती विषुववृत्त दोनदा ओलांडते; खोऱ्याच्या एका ना एका बाजूला पावसाळा चालूच असतो. नाईलची उपनदी निळी नाईल मात्र आपल्या नद्यांसारखी. तुमच्या वावरात डवरणी चालते, त्याच दिवसांत इथिओपियाच्या पठारावर पाऊस कोसळतो. आस्वानचं मोठं धरण होण्याआधी इजिप्तमध्ये वर्षानुवर्षं गाळ आणणारा पूर यायचा, तो मुख्यतः त्या पाण्याचा.

आणि वणीच्या खाणीतला कोळसा? दक्षिण आफ्रिकेच्या कोळशाशी त्याचं नातं आहे. ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीच्या पानांचे ठसे दोन्हीकडे सापडतात, कारण तेव्हा हे भूभाग एकाच महाखंडात होते. त्या महाखंडाचं नाव गोंडवन, आपल्या गोंडांच्या मुलखावरून पडलेलं. मला तर हे सांगताना आजही भरून येतं.

आता ऑरेंज. ती आफ्रिकेच्या दक्षिणेतल्या ड्रेकन्सबर्ग पर्वतात उगम पावते, हिंदी महासागर तिथून जवळ. तरी पठाराचा उतार पश्चिमेला म्हणून ती सगळा दक्षिण आफ्रिका देश ओलांडून अटलांटिकला जाते. आपली गोदावरी सह्याद्रीत, अरबी समुद्राजवळ उगम पावून बंगालच्या उपसागराला जाते ना, तिचंच हे उलटं रूप. रात्री अंगणात खडूनं दोन्ही नद्या शेजारी-शेजारी काढून बघा.