टाइमप्लीज म्हणायची सोय

नमस्कार मंडळी. सांगलीत उभं राहून नाटकाविषयी बोलायचं म्हणजे विष्णुदास भाव्यांपासून सुरुवात करावीच लागते. 1843 साली इथं सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्यासमोर सीतास्वयंवराचा खेळ झाला, आणि बघा, आपण त्याला 'खेळ'च म्हणतो, तमाशाचाही खेळच असतो, म्हणजे आपल्या भाषेत नाटक आणि खेळ एकाच घरातले. त्या नाटकात संवाद लिहिलेले नसायचे, सूत्रधार पद म्हणायचा आणि पात्रं स्वतःच्या मनानं बोलायची, राक्षस तर आरडाओरडा करतच यायचे. पण खेळ संपला की राक्षस तोंड धुवून घरी जायचा, मला हे फार मोलाचं वाटतं.

आताची पोरं रीलवर तशीच मनानं बोलतात. जून 2020 ला टिकटॉकवर बंदी आली, त्याआधी उसाच्या फडात, गोठ्यात, ट्रॅक्टरवर बसून लोकांनी काय काय अभिनय केला, त्यातला काही खरंच चांगला होता, ज्यांना जन्मात स्टेज मिळालं नसतं त्यांना मिळालं, मी नावं ठेवणार नाही. पण तोंड धुवायचं कुठं? रील टाकलं की लाईक किती, कोण काय बोललं, झोपतानाही परत तेच बघायचं, रंगपट, म्हणजे रंग उतरवायची खोली, म्हणून नाहीच.

खेळाचंही तेच झालंय. आपण लहानपणी राज्य आलं तरी चपलेचा बंद तुटला की 'टाइमप्लीज' म्हणायचो आणि सगळे थांबायचे, बारकं पोरगं असलं तर ते कच्चं लिंबू, आउट झालं तरी खेळात. आता बीजीएमआय या मोबाइलवरच्या लढाईच्या गेममध्ये शंभर जण उतरतात, चौघांचा स्क्वॉड असतो, आई जेवायला हाक मारते आणि पोरगं म्हणतं 'थांब, मॅच सुरूय', आई म्हणते उद्धट झालाय, पण खरंच ती मॅच थांबवता येत नाही हो, तो उठला तर बाकीचे तिघं मारले जातात, त्याच्या जागी आपण असतो तरी उठलो नसतो. आणि नवख्याला कच्चं लिंबू कोण करतंय, शिव्याच बसतात.

माझी भाची मिरजेला असते, नववीत. स्नॅपचॅटवर दोघींनी एकमेकींना रोज, म्हणजे 24 तासांच्या आत, फोटो पाठवला की नावापुढं आग आणि आकडा दिसतो, एक दिवस चुकला की आकडा गेला. परीक्षेच्या आठवड्यात तिनं पासवर्ड मावसबहिणीला दिला, ती तिच्या वतीनं रोज नुसते काळे फोटो पाठवायची. मी म्हटलं, अगं, टाइमप्लीज म्हण की. तर म्हणाली, मामा, ते म्हणायचं कुणाला?

मला उत्तर आलं नाही. मग मे महिन्यात ती आणि तिच्या तीन मैत्रिणी, अशा चौघींनी आपापसात ठरवून एकाच रात्री फोटो पाठवायचे बंद केले, तीनशेच्या वरचे आकडे होते, एक रडलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चौघी कृष्णेच्या घाटावर गेल्या, फोन घरी ठेवून.