फेसवरचा ठसा

(पडद्यावर: गोल्फच्या ड्रायव्हरचा फेस, अगदी जवळून.)

ड्रायव्हर म्हणजे गोल्फमध्ये लांब फटका मारायची काठी, आणि फेस म्हणजे तिच्या डोक्याची चेंडूला लागणारी बाजू. त्या फेसवर पांढऱ्या पावडरीचा पातळ थर आहे. पायांना मारतात तो साधा स्प्रे. एक फटका बसतो आणि त्या पांढऱ्यात चेंडूवरच्या खळग्यांची स्वच्छ नक्षी उमटते. मध्यापासून बोटभर बाहेर, टोच्या बाजूला (डोक्याचं दांड्यापासून लांबचं टोक), आणि जराशी खाली.

चेंडू आणि फेस एकमेकांना टेकलेले असतात ते अर्ध्या मिलिसेकंदाहूनही कमी वेळ. तेवढ्यात काय घडलं ते डोळ्यांना दिसत नाही. हातांना जाणवतं तेव्हा चेंडू कधीच निघून गेलेला असतो. ठसा मात्र राहतो. नवा ड्रायव्हर घ्यायचा असो की हातातलाच जुळवायचा असो, सुरुवात इथून करावी.

उजव्या हाताने खेळणाऱ्याचं उदाहरण घेऊ. चेंडू टोला लागला की धक्क्याने ड्रायव्हरचं डोकं किंचित उघडतं, आणि चेंडूला डावीकडे वळवणारी फिरकी मिळते. हीलला, म्हणजे दांड्याजवळच्या टोकाला, लागला की उलट, तो उजवीकडे वळतो. ड्रायव्हरचा फेस सपाट नसतो, त्याला हलका फुगवटा दिलेला असतो, तो यासाठीच: टोवरून निघालेला चेंडू आधी थोडा उजवीकडे जावा आणि मग वळत मध्याकडे परतावा. वरखालीही फरक पडतो. खाली लागलेला चेंडू बुटका निघतो आणि जास्त फिरतो. मध्याच्या जरा वर लागलेला उंच निघतो, कमी फिरतो आणि लांब जातो.

(पडद्यावर: एकाच फेसवर पाच-सहा ठसे, सगळे इकडेतिकडे.)

ठसे असे विखुरलेले असतील तर पहिला संशय लांबीवर घ्यावा. दुकानात मिळणारे बरेचसे ड्रायव्हर साडेपंचेचाळीस इंचांच्या आसपास असतात. नियमाप्रमाणे ४८ इंचांपर्यंत चालतं. २०२२ पासून स्पर्धांच्या आयोजकांना ही मर्यादा ४६ इंचांवर आणण्याची मुभा आहे. लांब शाफ्टने, म्हणजे लांब दांड्याने, डोक्याचा वेग थोडा वाढतो, हे खरं. पण तो वेग फेसच्या मध्याला चेंडू लागला तरच कामी येतो. ताशी ९० मैल वेगाने आलेला ड्रायव्हर मध्यावर लागला, तर चेंडू साधारण दीडपट वेगाने, म्हणजे ताशी १३५ मैलांनी सुटतो. हेच गुणोत्तर १.४ वर घसरलं तर उरतात १२६. स्विंग तेवढाच, ताकद तेवढीच, आणि नऊ मैल हवेत विरले. म्हणून ग्रिप एक इंच खाली धरून मारून बघा. खर्च शून्य. ठसे एका जागी गोळा व्हायला लागले, तर पुढचं पाऊल शाफ्ट कापायचं. कापल्यावर डोकं हलकं वाटू लागतं, तेव्हा तिथे थोडं वजन भरावं लागतं, हे आधीच ध्यानात ठेवा.

एक गोष्ट मान्य करायला हवी: आजच्या ड्रायव्हरनी आपल्याला फार सांभाळून घेतलंय. १९७९ मध्ये टेलरमेडने पोलादी डोक्याचा ड्रायव्हर आणला, तेव्हा मैदानावर पर्सिमनच्या लाकडाचं राज्य होतं. १९९१ मध्ये कॅलवेची बिग बर्था आली. १९० घनसेंटिमीटरचं तिचं डोकं त्या काळी अवाढव्य वाटायचं. आज नियमाची मर्यादा ४६० आहे आणि बहुतेक ड्रायव्हर तिच्या आसपास असतात. एवढ्या मोठ्या डोक्यावर चुकलेला फटकाही बरा जातो, आणि त्यामुळेच आपण कुठे मारतोय याकडे लक्ष जात नाही.

आता लॉफ्ट, म्हणजे फेस मागे किती अंश कललेला आहे ते. इथे मानापमान आड येतो. कमी आकड्याचा ड्रायव्हर म्हणजे तगडा खेळाडू, असा एक समज घट्ट बसलाय. तो सोडून द्यावा. ज्याचा स्विंग सावकाश आहे, त्याला चेंडू हवेत टिकवायला जास्त लॉफ्टच लागतो. साडेदहा, कधी बारा अंश. शिवाय ड्रायव्हर चेंडूवर कोणत्या कोनातून येतो तेही बघावं. खालून वर जात असेल, तर चेंडू उंच आणि कमी फिरकीने निघतो, आणि थोडा कमी लॉफ्ट चालतो. वरून खाली येत असेल, तर चेंडू बुटका निघतो. अशा वेळी लॉफ्टला हात लावण्याआधी टी, म्हणजे चेंडू ठेवायची छोटी खुंटी, उंच करून बघावी, म्हणजे निम्मा चेंडू डोक्याच्या वर दिसेल एवढी. चेंडू पुढच्या पायाच्या टाचेच्या रेषेत ठेवावा. आणि ज्यांचा चेंडू उजवीकडे पळतो त्यांनी लॉफ्ट कमी करणं म्हणजे आगीत तेल ओतणं. पाठीमागची फिरकी कमी झाली की तिरकी फिरकी अधिक जाणवते आणि वळण मोठं होतं.

(पडद्यावर: शाफ्टच्या तळाशी फिरणारा स्लीव्ह, म्हणजे शाफ्ट डोक्याला जोडणारी नळी. चावी फिरते, "टक्" असा आवाज.)

अशी फिरती रचना नियमांत बसली ती २००८ पासून. स्लीव्ह फिरवून लॉफ्ट वाढवला की जमिनीवर टेकवल्यावर फेस थोडा बंद दिसतो. कमी केला की थोडा उघडतो. अनेक जण फक्त लॉफ्टचा आकडा बघतात आणि चेंडू डावीकडे का जातोय म्हणून चक्रावतात. चावी "टक्" वाजेपर्यंत घट्ट करायची, त्यापुढे जोर लावायचा नाही.

डोक्यावरच्या सरकत्या वजनांकडून फार अपेक्षा ठेवू नका. हीलकडे नेलेलं वजन फेस बंद व्हायला थोडी मदत करतं. मागे नेलेलं चुकीचे फटके सांभाळतं. पुढे आणलेलं फिरकी कमी करतं. पण मोठा स्लाइस, म्हणजे उजवीकडे जोरात वळणारा फटका, वजन सरकवून जात नाही. चेंडू कुठल्या दिशेने निघेल हे बहुतांशी फेस ठरवतो. फेस स्विंगच्या वाटेच्या मानाने उघडा राहिला की चेंडू उजवीकडे वळणारच. ते दुरुस्त होतं ते ग्रिपमध्ये आणि मनगटात.

शाफ्ट किती ताठ आहे ते सांगणाऱ्या आर (रेग्युलर), एस (स्टिफ) या अक्षरांना सगळ्या कंपन्यांत एक माप नाही. एकाचा आर दुसऱ्याच्या एसएवढा ताठ असू शकतो. त्यामुळे शाफ्ट अक्षरावरून घेऊ नये. त्याचं वजन आणि तो हाताला कसा लागतो, यावरून घ्यावा.

तपासताना एका वेळी एकच बदल करा. लांबी, मग लॉफ्ट, मग वजन. प्रत्येक वेळी पावडर मारा, ठसा बघा, पुसा, पुन्हा मारा. चेंडू तोच वापरा ज्याने तुम्ही खरोखर खेळता. आणि सगळ्यात लांब गेलेल्या एका फटक्यावर भाळू नका. दहातला सगळ्यात वाईट फटका कुठे जातो ते बघा, कारण फेअरवे, म्हणजे खेळायचा कापलेल्या गवताचा पट्टा, अरुंद असताना नेमका तोच आडवा येतो.

जुळलेलं सेटिंग लिहून ठेवा. फेरी सुरू झाल्यावर ते बदलून खेळता येत नाही, नियम तसं करू देत नाही. चुकून फिरवलंच, तर पुढचा फटका मारण्याआधी होतं तिथे परत आणा, दंड बसत नाही.