आरशातला मार्टेन

मंडळी, पडद्यावर हे चित्र भिंतीएवढं दिसतंय, म्हणून आधी माप सांगतो. चौकटीसकट एकेक फळी साधारण ५२ सेंटिमीटर उंच, ४१ रुंद. अशा दोन फळ्या बिजागऱ्यांनी जोडलेल्या. पोथीसारखं उघडायचं, प्रार्थना करायची, मिटून ठेवायचं. हान्स मेमलिंग या चित्रकाराने आजच्या बेल्जियममधल्या ब्रूज शहरात १४८७ साली हे रंगवलं, आणि आजही ते तिथल्याच संत योहानाच्या जुन्या रुग्णालयात, म्हणजे आता संग्रहालयात, आहे. मूळ चौकटीही शाबूत आहेत.

डाव्या फळीवर मरिया बाळ येशूपुढे सफरचंद धरते आहे. उजवीकडे हात जोडलेला तरुण, त्याच्यापुढे उघडं प्रार्थनापुस्तक. हा मार्टेन फान न्यूवनहोव्ह, ब्रूजच्या बड्या घराण्यातला. त्याचं नाव, साल आणि २३ हे वय चौकटीवरच लिहिलंय.

आता एवढी भक्ती, तर साहेबांनी आपली घराण्याची निशाणी कुठे लावावी? थेट मरियेच्या मागच्या खिडकीच्या काचेत! शेजारी ब्रीदवाक्य, फ्रेंचमध्ये: ‘कारण आहे’. आणि छोट्या गोल चित्रांत ढगातून निघालेला हात, खाली बाग. न्यूवनहोव्ह म्हणजे नवी बाग. आडनावावरची कोटी आहे ती. त्याच्या स्वतःच्या मागे काचेवर संत मार्टिन घोड्यावरून आपला झगा कापून भिकाऱ्याला देतोय. नावाचा संत पाठीशी हवाच. खिडकीबाहेर ब्रूजमधल्याच मिन्नेवाटर तळ्याचा पूल. काही अभ्यासकांना यात नुसता बडेजाव दिसतो. मला ते पटत नाही. मार्टेनला मरिया स्वर्गात नको होती. स्वतःच्या घरात, स्वतःच्या गावात हवी होती.

आणि याचा पुरावा मेमलिंगने लपवून ठेवलाय. मरियेच्या मागे, आपल्या डाव्या हाताला, एक फुगीर गोल आरसा आहे. नखाएवढ्या जागेत त्याने काय केलंय बघा: मरियेची पाठ, आणि तिच्या शेजारी गुडघे टेकलेला मार्टेन, एका बाजूने दिसणारा. दोघांच्या पलीकडे उजेडाच्या दोन चौकोनी जागा. त्या दोन खिडक्या म्हणजेच या दोन फळ्यांच्या चौकटी! खोली एकच आहे, आणि आपण बाहेर उभे राहून आत डोकावतोय. आरसा कळला की मग खालची गंमत दिसते. मरियेच्या लाल झग्याचा घोळ चौकटीची सीमा ओलांडून उजव्या फळीत शिरलाय, थेट मार्टेनच्या पुस्तकाखाली.

हे एवढं बारीक काम तैलरंगामुळे जमलं. ओकची फळी, तिच्यावर खडू आणि सरसाचा गुळगुळीत थर, मग जवसासारख्या तेलात कालवलेल्या रंगाचे पातळ, पारदर्शक लेप. खालच्या पांढऱ्यावरून उजेड परत येतो, म्हणून तो लाल रंग आतून पेटल्यासारखा दिसतो.

पण पडद्यावर एक गोष्ट मी दाखवू शकत नाही. मरिया समोरून रंगवलीय, मार्टेनची खोली मात्र तिरकी. दोन्ही फळ्या सपाट उघडल्या तर तो तिच्याकडे नीट बघतच नाही. उजवी फळी जरा आत वळवा, म्हणजे त्याची मान तिच्याकडे वळते. आणखी वळवा, पार मिटवा: आत, अंधारात, दोघं समोरासमोर.